दुपार, एक ते चार

३ सप्टेंबर, मंगळवार

‘दुपार’ चालू आहे!

लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही. मी स्वतः बंद केली होती ती. या हातांनी भिंतीतली वायर उपसली होती. एकतीस वर्षं झाली.

झालं असं. साडेबारा वाजत आले होते. एक गृहस्थ दुकानात आले. साठीच्या पुढचे, खिशाला तीन पेनं, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. म्हणाले, “कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा हवाय. काळ्यावर हिरवी अक्षरं वाचायची असतात.” मी म्हटलं, आता हिरवी अक्षरं कोण वाचतं हो? तर म्हणे, “आम्ही आठ जण वाचतो. रोज.” असेल बापडं. नंबर तपासायची ती जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, भिंगं बदलायला लागले. हे स्पष्ट की हे? — हे. आता? — पहिलं. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून झाली आणि त्याच आवाजात तो माणूस म्हणतो, “मालकीणबाई, मी टाचणी.”

भिंग हातातून निसटलं. फुटलं नाही, नशीब.

मला मालकीणबाई म्हणणारी माणसं जगात एकवीसच होती. आणि त्यातल्या एकाचंही तोंड मी कधी बघितलं नव्हतं! टाचणी म्हणजे आमच्या बोर्डावरचा सगळ्यात किरकिऱ्या. बंद करताना सगळ्या फ्लॉप्या मी त्यालाच पाठवल्या होत्या, त्याने कळवलेल्या पोस्ट बॉक्सवर, पाठवणाऱ्याचा पत्ता न घालता. आणि आज तो अख्खा माणूस समोर, नाकावर माझी फ्रेम!

“समोरच्या बँकेत रांगेत उभा होतो,” म्हणाला. “तुमच्या पाटीवरचा फोन नंबर वाचला. पुढे एक आकडा वाढलाय, बाकी तोच. डोळ्यांच्या आधी बोटांनी ओळखला!”

फ्लॉप्या त्याने जपून ठेवल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि सगळं परत जोडलं. आता फोन लावावा लागत नाही, इंटरनेटवरूनच जाता येतं. पण बाकी जसंच्या तसं. “सूर्यसुद्धा तोच. तुम्ही फुल्यांनी काढलेला. वाकडा.”

कागदावर पत्ता लिहून दिला. गेला.

दिवसभर हवेत होते. संध्याकाळी शटर ओढताना हात थांबला. सगळं जसंच्या तसं म्हणजे — तेही असणार. गोगलगायचं शेवटचं वाक्य.


४ सप्टेंबर, बुधवार

ह्यांना ‘दुपार’ समजावून सांगता सांगता पुरेवाट झाली. जन्म जमीन-मोजणी खात्यात गेला. साखळीने मोजता येत नाही ते ह्यांना पटत नाही.

म्हटलं, तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. आमच्या दुकानात एक फोन. बाबा एक ते चार दुकान बंद ठेवून घरी जेवायला-झोपायला जायचे. तेवढा वेळ फोन रिकामा. दादाने नोकरीवरून येताना मॉडेम आणला होता, त्याने मी माझा कॉम्प्युटर फोनला जोडून ठेवायची. लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून आमचा नंबर फिरवायचे, माझ्या मशीनमधले निरोप वाचायचे, आपला एक लिहून जायचे, फळ्यावर लिहावा तसा. म्हणून ‘बोर्ड’.

“एका वेळी किती जण?”

एकच. लाइनच एक!

“मग दुसऱ्याने काय करायचं?”

एंगेज टोन ऐकायचा. परत लावायचा.

“म्हणजे तीन तासांत माणशी... साधारण आठ-नऊ मिनिटं.” हे विचारात पडले. “आणि त्याच्यासाठी लोक थांबायचे?”

थांबायचे. एका ओळीच्या उत्तरासाठी उद्याच्या एक वाजेपर्यंत थांबायचे. देवनागरी यायची नाही, इंग्रजी अक्षरांत मराठी खरडायची. खरी नावं कुणी सांगायची नाहीत, हा नियम माझाच. टाचणी, गोगलगाय, चौथा मजला, पत्ताकोबी. सुरू केलं तेव्हा तेवीस वर्षांची होते मी. मॉडेम किंचाळायला लागला की छाती फुलायची — कोण आलं असेल!

“बघितलंस का मग?” ह्यांनी विचारलं.

उद्या बघते म्हटलं.


५ सप्टेंबर, गुरुवार

नाही बघितलं.


६ सप्टेंबर, शुक्रवार

हे कधी कुणाला सांगितलं नाही. वहीलाही नाही. आज लिहिते.

रस्त्यापलीकडे दुसरं चष्म्याचं दुकान उघडलं, दिवसभर चालू. बाबा म्हणाले, आता दुपारी बंद ठेवून चालणार नाही, सोमवारपासून आपणही उघडं. बाबांच्या पुढे बोलायची टाप नव्हती. शुक्रवारी मी बोर्डावर लिहिलं — ‘दुपार’ उद्यापर्यंतच. सगळ्यांचे आभार. वरून हसरा चेहरा काढला. एका दिवसाची नोटीस!

शनिवारी सगळे येऊन गेले. टाचणीने शिव्या घातल्या. पत्ताकोबीने कविता. चारला वायर काढायची ती मी लगेच काढली नाही, आधी निरोप वाचत बसले. शेवटचा निरोप गोगलगायचा.

गोगलगाय दीड वर्ष रोज येणारी. कमी बोलायची, पण बोलली की नेमकं. आमच्यातलं कुणी रुसलं, कुणाचं बिनसलं, की हिला आधी कळायचं. घरातलं काही लिहीत नसे. एकदाच लिहिलं होतं — ‘एक वाजेपर्यंत मी नसतेच. एक ते चार असते.’ मी त्यावर विनोद केला होता. काय केला ते आता आठवत नाही, ते बरंच आहे.

तिचा शेवटचा निरोप एवढाच — ‘दुपारच नाही तर मग मी तरी कशाला’

पूर्णविराम नाही. नाव नाही. ती कधी पूर्णविराम विसरायची नाही!

सगळ्यांचे नंबर माझ्याकडे नोंदवलेले असायचे. तिचा लावला. घंटा वाजत राहिली, मग कुणी तरी उचलला. मी म्हटलं, हॅलो, मी मालकीणबाई — एक शब्द नाही. ठेवून दिला. परत लावला. उचलला, ठेवला. चार वेळा. पाचव्यांदा लावणार तेवढ्यात बाबा आले, म्हणाले, कुणाला एवढे फोन चाललेत? आणि मी वायर काढली. सोमवारी परत लावला तर लागलाच नाही.

दहा दिवसांनी पेपरात आतल्या पानावर चार ओळी. तळ्यात एका तरुणीचा मृतदेह, वय अंदाजे वीस, ओळख पटलेली नाही, माहिती असल्यास पोलिसांशी संपर्क साधावा.

मला जाता आलं असतं. काय सांगणार होते? गोगलगाय नावाची एक मुलगी? हसले असते. हसले असते तर हसले असते! पण मी गेले नाही. पेपर घडी करून भिंगांच्या खोक्यात खाली घातला, आणि मग ते खोकंही टाकून दिलं.

एकतीस वर्षं. लग्न झालं, लेकीचं बाळंतपण झालं, बाबा गेले, दुकान माझ्याकडे आलं. प्रत्येक चांगल्या दिवशी मध्येच ते आठवायचं. वीस वर्षांची मुलगी खुर्चीत बसली की वाटायचं, एवढीच होती.


८ सप्टेंबर, रविवार

सकाळी हे फिरायला गेल्यावर दार लावून बसले.

काळा पडदा. मग एकेक अक्षर उमटायला लागलं, अगदी सावकाश. टाचणीने मुद्दाम जुन्या वेगाने ठेवलंय, पाजी! आधी फुल्यांचा सूर्य. वाकडाच आहे. त्याखाली माझं वाक्य — ‘या. घाई नाही. दुपार मोठी आहे.’ डोळे भरून आले, पुढचं दिसेना. चष्मेवालीची ही गत!

माझं नाव आणि परवलीचा शब्द टाकला. घेतला! तेवीस वर्षांच्या पोरीचा शब्द छप्पन्न वर्षांच्या बाईकडून मुकाट्याने घेतला.

शेवटच्या निरोपाकडे जायचा धीर होईना. म्हणून आधी सभासदांची यादी उघडली. नाव, आणि समोर शेवटची भेट कधी. चौथा मजला — आज. टाचणी — आज. पत्ताकोबी — चार वर्षांपूर्वी. खूप नावांपुढे त्र्याण्णव साल, त्या शनिवारची तारीख. बोट खाली सरकवत गेले.

गोगलगाय — काल, दुपारी एक वाजून सहा मिनिटे.

काल.

उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्याले, परत येऊन वाचलं. काल. परत उठले. हे आले तेव्हा मी दारात नुसती उभी होते. म्हणाले, काय गं, कुणाचा फोन होता का? मी नाही म्हटलं.


९ सप्टेंबर, सोमवार

झोप नाही. सारखं मनात एकच — ते नाव दुसऱ्याच कुणी उचललं असेल. टाचणीने जुनी मंडळी दिसावीत म्हणून स्वतःच बाहुल्या नाचवल्या असतील. करील तो!

अकराला त्याला फोन लावला, चष्मा तयार आहे सांगायच्या निमित्ताने. (तयार नव्हता.) मग हळूच विचारलं, ती गोगलगाय म्हणून होती, ती...

“ती काय?”

“ती आहे?”

“आहे म्हणजे! डोक्यावर बसलीये. परवाच भांडली माझ्याशी. ‘निश्चित’ लिहिताना मी एका ‘आय’ऐवजी दोन ‘ई’ टाकले म्हणून.”

“पण तीच कशावरून? दुसरं कुणी —”

“अहो मालकीणबाई, आठ वर्षांपूर्वी मी चालू केलं आणि कुठेसा गाजावाजा केला. तिसऱ्या दिवशी ही हजर. तिला तिचा जुना परवलीचा शब्द पाठ होता. तो मलासुद्धा माहीत नव्हता.” मग एकदम, “का हो? आवाज असा का येतोय?”

सर्दी झालीय म्हटलं.

रिसीव्हर ठेवला आणि काउंटरमागे स्टुलावर बसले. भिंगं घासणाऱ्या बाई आतून डोकावल्या, “ताई, बरं नाही का?” म्हटलं, नाही हो, फार बरं आहे. आणि ढसाढसा रडले. बिचाऱ्यांची पाचावर धारण बसली.


१० सप्टेंबर, मंगळवार

तिला निरोप लिहिला, खासगी पेटीत. पाच वेळा खोडला. शेवटी सरळ लिहिलं — मी मालकीणबाई. तुझं शेवटचं वाक्य वाचलं होतं. फोन केला होता, चार वेळा. कुणी बोललं नाही. तेव्हापासून मला वाटत होतं की तू नाहीस. पोलिसांकडे जायला हवं होतं, गेले नाही. माफ कर.

पाठवला.


११ सप्टेंबर, बुधवार

एक वाजता उत्तर नाही. दोनला नाही. सव्वातीनला एका गिऱ्हाइकाला जवळच्या नंबराऐवजी लांबचा लिहून देत होते, त्यांनीच चूक दाखवली. चारला मशीन बंद केलं. जीव टांगणीला.


१२ सप्टेंबर, गुरुवार

आलं! जसंच्या तसं उतरवून ठेवते.

‘मालकीणबाई, काय हे! एकतीस वर्षं? मी तर कपाळाला हात लावला. अहो, वाक्य अर्धं राहिलं होतं. मला लिहायचं होतं — दुपारच नाही तर मग मी तरी कशाला हा मॉडेम ठेवू, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. “कशाला” लिहिलं आणि लाइन तुटली. परत लावला तर लागेना. मॉडेम पुढे आमच्या भावाने मोडून टाकला.

‘आता फोनचं. हे तुम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला ऐकू येत नाही. सहाव्या वर्षी ताप आला, तेव्हापासून. आमच्या फोनला भावाने दिवा लावून दिला होता, घंटा वाजली की तो लुकलुकायचा. त्या दुपारी घरात मी एकटीच. दिवा लागला, उचलला. कुणी तरी बोलत असणार हे कळत होतं. पण मी काय करू? ठेवून दिला. परत लागला, परत ठेवला. तुम्ही होतात होय!

‘सांगितलं नाही, कारण तीच तर गंमत होती. सगळीकडे मी बहिरी. घरात लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचे. एक ते चार मात्र मी बहिरी नव्हते. टाचणी माझ्याशी सगळ्यांसारखाच भांडायचा. भांडण करायला मिळणं किती मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला नाही कळायचं.

‘मी छापखान्यात मुद्रितं तपासते. लग्न झालं, एक मुलगी आहे. माफी कसली मागता?’

मॉडेम! मॉडेम द्यायचा होता! एका फुकट मॉडेमच्या जाहिरातीवर मी एकतीस वर्षं काढली!

हसायला लागले ते थांबेना. पोट धरून हसले. स्टुलावरून पडणार होते. जीव भांड्यात पडणं काय ते आज कळलं. नुसता पडला नाही, भांडं वाजलं.


१३ सप्टेंबर, शुक्रवार

ह्यांना सगळं सांगितलं. पेपरातल्या त्या चार ओळी, तळं, सगळं. मॉडेमपाशी आले तेव्हा मी हसत होते. हे हसले नाहीत.

बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “एकतीस वर्षं एकटीने?”

मी म्हटलं, काय सांगणार होते? ना नाव, ना गाव.

“म्हणून तू फोन दुसरी घंटा वाजू देत नाहीस,” हे म्हणाले. “आंघोळीतून ओली धावत येतेस. मी म्हणायचो, हिला दुकानाचं वेड आहे.”

मला स्वतःला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मोजणाऱ्या माणसाने मोजलं होतं.

मग उठले आणि दोन कप चहा करून आणला. फार गोड झाला होता. सगळा प्याले.


१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी फोन वाजला. बसून राहिले. सहा घंटा होऊ दिल्या! मग उचलला. लेकीचा होता. “आई, तू बरी आहेस ना?”


१५ सप्टेंबर, रविवार

एक गोष्ट मात्र सुटत नाही. मग ती कोण होती? तळ्यातली? मी तिला दुसरीचं नाव देऊन एवढी वर्षं रडले. तिच्या नावाने कुणी रडलं असेल का? असेलच. असू दे.

तिच्यासाठी थोडा वेळ गप्प बसले. मला दुसरं काही करता येण्यासारखं नाही.


१७ सप्टेंबर, मंगळवार

बोर्डावर दणक्यात स्वागत. चौथा मजला आता तळमजल्यावर राहतो, गुडघ्यांमुळे. नाव बदलायला तयार नाही. टाचणीला जाहीर विनंती केली, अक्षरं जरा लवकर येऊ देत. म्हणाला, ‘नियम मालकीणबाईंचाच — घाई नाही.’ माझंच वाक्य माझ्या तोंडावर!

आठ माणसं. एवढ्या मोठ्या जगात, जिथे सगळे एकाच वेळी ओरडतायत, तिथे आठ माणसं पाळीपाळीने बोलतात. कुणाचं वाक्य कुणी तोडत नाही. मी असलं काही पोरकटपणे सुरू केलं होतं हे विसरूनच गेले होते. भीतीखाली ते सगळं गाडलं गेलं होतं — तो सूर्य, ते विनोद, पत्ताकोबीच्या भयंकर कविता. आता एकेक वर येतंय.


१८ सप्टेंबर, बुधवार

गोगलगायचा निरोप. ‘डोळे तपासून द्याल का? दोन वर्षं झाली, अक्षरांच्या कडा फुटतात. कुणाला सांगितलं नाही. कान गेले, आता हे गेले तर मी कुठे राहू?’

शनिवारी ये, एक वाजता, म्हणून लिहिलं.


२१ सप्टेंबर, शनिवार

एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी शटर अर्धं खाली ओढलं. भिंगवाल्या बाईंना सुट्टी दिली.

एकला पाच कमी असताना वाकून आत आली. पन्नाशीची, उंच, कापलेले पांढरे केस, बोटांना शाई. मनात वीस वर्षांची एक चिमुरडी धरून बसले होते, आणि ही तर माझ्याहून वीतभर उंच बाई! मी काहीतरी बोलायला लागले, तर तिने माझ्या खांद्यांना धरून मला दाराकडे वळवलं. “तोंड उजेडात ठेवा,” म्हणाली. आवाज जाड, शब्द थोडे घासलेले, पण स्पष्ट. “आता बोला.”

आता काय बोलणार! मी म्हटलं, बस.

खुर्चीत बसवलं. अंधार करून तपासायची नेहमीची सवय, दिवा मालवला — आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. चुकलंच माझं! अंधारात तिला माझे ओठ कसे दिसणार? लगेच दिवा लावला. मग आम्ही रीत ठरवली. मी भिंग बदलायचं आणि तिच्या तळहातावर बोटाने एक किंवा दोन काढायचं. पहिलं स्पष्ट की दुसरं? ती बोट वर करायची. सगळी तपासणी अशी, न बोलता. तासभर लागला असेल. इतकी नीट तपासणी मी जन्मात केली नव्हती.

ती तक्त्याकडे बघत नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. निकाल तिथे वाचत होती.

मी भिंग काढून ठेवलं, तोंड उजेडात आणलं आणि एकेक शब्द सुटा सुटा म्हटला. नंबर वाढलाय. फक्त नंबर. जुना चष्मा सहा वर्षांचा आहे, काचांना चरे पडलेत. डॉक्टरांना एकदा दाखवून घे, मी चिठ्ठी देते. पण माझ्या डोळ्याला तुझ्या डोळ्यात वाईट काही दिसत नाही.

“परत सांगा,” म्हणाली.

परत सांगितलं.

तिने डोळे मिटून घेतले आणि इतका लांब श्वास सोडला की समोरच्या आरशावर वाफ धरली. मग मी नवी भिंगं घातलेली फ्रेम चढवली आणि हातात छापील कागद दिला. वाचला. लगेच म्हणाली, “यात दोन चुका आहेत.” माझ्याच दुकानाची पावती होती!

काय हसलो दोघी. मी म्हटलं, मॉडेमवालीने मला शिकवू नये! तीही हसली. जरा उशिरा, पण हसली. मी तिला सगळं अभिनय करून दाखवलं — फोन कसा लावत होते, हॅलो हॅलो कशी ओरडत होते, बाबा कसे आले. ती बघत होती. फार लक्ष देऊन बघत होती.

चार वाजता निघाली. दारात थांबून म्हणाली, “तुमच्या कपाळावर एक आठी आहे. मधोमध, उभी.” एवढंच. वाकून शटरखालून गेली.

चष्मा गुरुवारपर्यंत देते म्हटलंय. काचा स्वतः घासणार आहे.

आज फार हलकं वाटतंय. असं वाटतंय की कुणी तरी माझ्या खांद्यावरचं जू उतरवून बाजूला ठेवलं आणि म्हणालं, जा, मोकळी आहेस.


२३ सप्टेंबर, सोमवार

खासगी पेटीत तिचा निरोप.

‘मालकीणबाई, मॉडेमचं मी रचलं होतं. तुमचं ओझं उतरावं म्हणून. परवा तुम्ही हसत होता तेव्हा मला ते खोटं पेलवेना. लाइन तुटली नव्हती. वाक्य पूर्ण होतं. तुम्ही बरोबर वाचलं होतं. आमच्या घरात पाच माणसं राहायची, त्यांना कळलं नाही, अजून माहीत नाही. तुम्ही मला बघितलंसुद्धा नव्हतं आणि तुम्हाला कळलं. दुसऱ्या दिवशी मी उठले, एवढंच सांगता येतं. मग रोज उठत गेले. आता बरी आहे, हे खरं आहे, हे रचलेलं नाही.’

तीन वेळा वाचलं. ह्यांनाही वाचायला दिलं.

लिहिलं तिला — ये. आत्ता ये.

निघाली आहे.